शेत विकणं आणि घर विकणं: प्राचीन इस्राएलातला फरक

बायबलमधल्या मोशेच्या नियमशास्त्रानुसार वडिलोपार्जित शेत कायमचं विकता येत नसे. विकली जायची ती पिकं: दर 50व्या, म्हणजे योबेल वर्षी शेत मूळ कुटुंबाकडे परत येई; तोवर जितके हंगाम उरले, तितकीच किंमत. मधल्या काळात जवळचा भाऊबंद पैसे भरून ते सोडवून घेऊ शके. यरुशलेमेला बाबेलचा (बॅबिलोनचा) वेढा पडलेला असतानाही यिर्मया संदेष्ट्याने चुलतभाऊ हनामेलचं अनाथोथचं शेत 17 शेकेल (वजनाचं जुनं माप) चांदी तोलून घेतलं आणि खरेदीखत मातीच्या मडक्यात ठेवायला लावलं.

तटबंदीच्या शहरातल्या घराला मात्र सोडवून घ्यायला एकाच वर्षाची मुदत. ती टळली की घर घेणाऱ्याचं. मला हा भेद फार शहाणपणाचा वाटतो, कारण कुटुंबाचं पोट शेतावर होतं. म्हणूनच तट नसलेल्या खेड्यातलं घरही शेतातच धरत आणि योबेलात परत करत.