कपूर अँड सन्स: त्या बाईपेक्षा एफडीचं जास्त लागलं

परवा रात्री आईसोबत कपूर अँड सन्स परत बघितला, माझी तिसरी वेळ आणि तिची पहिली. पुढे स्पॉयलर आहेत, बघितला नसेल तर आधी बघून या, सव्वादोन तासांच्या आसपास आहे.

२०१६ चा शकुन बत्राचा पिक्चर. कुन्नूरला राहणारे नव्वदीचे आजोबा आजारी पडतात म्हणून लंडनचा राहुल आणि अमेरिकेतला अर्जुन घरी येतात, आणि आजोबांना हवाय फक्त सगळ्या घराचा मिळून एक फोटो. तो काही केल्या निघत नाही कारण घरात कोणाचंच कोणाशी धड नाहीये.

बापाचं बाहेर प्रकरण आहे. आता आपल्याकडे असल्या पिक्चरमध्ये काय होतं, बायको रडते, म्युझिक वाजतं. इथे नळ गळतोय, प्लंबर आलाय आणि त्याच्यासमोरच नवराबायकोचं सुरू होतं, मग मुलं मध्ये पडतात, मग भाऊ भाऊ भिडतात, सगळे एकदम बोलतायत, हसू येतं आणि पोटात कालवाकालव पण होते. तेव्हा आई म्हणाली, "तिला त्या बाईपेक्षा एफडी मोडल्याचं जास्त लागलंय बघ." मी दोनदा बघूनही हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. केटरिंग सुरू करायचं स्वप्न होतं तिचं आणि नवऱ्याने पैसे परस्पर काढले.

आणि म्हणूनच मला ही सुनीता, म्हणजे या मुलांची आई, एवढी खरी वाटते, कारण तिनेही तेच केलंय. धाकट्या अर्जुनने लिहिलेलं तिने परस्पर थोरल्या राहुलला दिलं, हा काही पूर्ण करणार नाही असं तिचं तिनेच ठरवून, आणि थोरल्याचं पुस्तक गाजलं. नवऱ्याने फसवलं आणि आईनेही फसवलं, दोघांचंही घरावर प्रेम आहे, दोन्ही खरंच आहे. राहुल समलिंगी आहे हे कळतं तेव्हा सुनीता झालेल्या रत्ना पाठक शाहांचा चेहरा बघा, राग मुलावर आहे की स्वतःच्या समजुतीवर हे तिलाच कळत नाहीये. राहुल झालेला फवाद खान तिथे जवळजवळ काहीच करत नाही आणि तरी आपण त्याच्याच बाजूने.

आजोबा झालेले ऋषी कपूर तेव्हा साठीतले, हॉलिवूडच्या ग्रेग कॅनमचा मेकअप, पण पाच मिनिटांत मेकअप विसरायला होतं. दोघा भावांना भेटणाऱ्या टियाचा ट्रॅक मात्र मला बाहेरून जोडल्यासारखा वाटतो, टिया झालेली आलिया चांगली आहे म्हणून निभावतो. बापाचा अपघातात मृत्यू पण जरा सोयीचा, नवराबायकोला एकमेकांशी नीट बोलायला मिळायला हवं होतं.

पण शेवट. आधी आजोबांच्या लाडक्या मंदाकिनीचा तो पुठ्ठ्याचा कटआउट बघून आम्ही दोघी खळखळून हसलेलो, आणि शेवटी फोटोसाठी सगळे उभे राहतात तेव्हा बापाचाच कटआउट आणून मध्ये ठेवतात. आईने माझा हात घट्ट धरला होता.