आफ्रिकन महोगनी: नागपूरच्या उन्हात कोणती लावावी?

वावराच्या धुऱ्यावर आफ्रिकन महोगनी लावायचं पक्कं झालं असेल, तर तिच्या खाया सेनेगालेन्सिस आणि खाया आयव्होरेन्सिस या दोन जातींपैकी कोणती, हे रोपं उचलण्याआधीच ठरवा. नर्सरीत दोन्ही एकाच नावाने खपतात आणि लहान रोपांवरून ओळख पटणं कठीण. मोठ्या झाडाचं फळ बघायला मिळालं तर सोपं. सेनेगालेन्सिसचं बोंड चार फाकांत उकलतं, आयव्होरेन्सिसचं बहुधा पाचांत. म्हणून बी कुठल्या झाडाचं, हे विचाराच.

आमच्या कळमेश्वरकडच्या वावरात दोन्ही उभ्या आहेत. कागदावर आयव्होरेन्सिस सरस. खोड सरळसोट, लाकूड हलकं, गुलाबीसर, रंध्याखाली छान येणारं. पण ही पश्चिम आफ्रिकेच्या दमट जंगलातली. नागपूरचा पाऊस वर्षाला साधारण १,१०० मिमी, तोही बहुतेक जून ते सप्टेंबरात. मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला की तिचा कोवळा शेंडा करपतो, पाणी देऊनही. मग पहिल्या पावसात करपलेल्या टोकाच्या खालून दोन-तीन फुटवे एकदम निघतात. एक ठेवा, बाकीचे छाटा, पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा तेच. ज्या सरळ खोडासाठी हे झाड घ्यायचं, तेच असं वाकडंतिकडं होत जातं! शेंडा पोखरणारी अळी दोघींनाही सोडत नाही, पण उन्हाचा हा जाच मला एकीतच दिसला.

सेनेगालेन्सिस मुळातच कोरड्या सव्हानातली, सेनेगलपासून युगांडापर्यंतची. आमच्याकडे उन्हाळ्यात तिची पानं थोडी गळतात, शेंडा मात्र शाबूत राहतो. लाकूड जड आणि गडद, सुतार जरा कुरकुरेल. मोकळ्या जागी ती खालूनच फांद्या फोडते, तेव्हा छाटणी इथेही आहेच, फक्त दरवर्षी शेंड्याशी झगडा नाही. मुळं वरवर पसरतात. व्हिएतनामच्या हनोईत रस्त्याकडेची ही झाडं वादळात उन्मळून पडतात, म्हणून घर, गोठा आणि विजेच्या तारांपासून लांबच लावा.

आमची जमीन मुरमाड; पाणी साचणाऱ्या भारी काळ्या जमिनीत गणित वेगळं असू शकतं. कोकणच्या दमट हवेत कदाचित आयव्होरेन्सिसच वरचढ ठरेल. तुमची विहीर मेअखेरपर्यंत टिकत असेल आणि घरातलं कोणी दरवर्षी कात्री घेऊन फिरायला तयार असेल, तर इथेही लावून बघा. उरलेल्या धुऱ्यासाठी मी मात्र या पावसाळ्यात सेनेगालेन्सिसचीच रोपं सांगून ठेवली आहेत.