स्पीच थेरपीचे आठ महिने: आमच्या घरात नेमकं काय बदललं

मुलगा सव्वादोन वर्षांचा असताना आम्ही स्पीच थेरपी सुरू केली. तेव्हा त्याच्याकडे मोजून सात शब्द होते: आई, बाबा, भू, माऊ, दे, नाय आणि पोळीसाठी ‘पो’. दुसऱ्या वाढदिवसापर्यंत साधारण पन्नास शब्द यावेत आणि मूल दोन शब्द जोडायला लागावं, अशी अपेक्षा असते. आज त्याला तीन पूर्ण व्हायला एक महिना आहे. याच वळणावर उभ्या असलेल्या आईबाबांसाठी सविस्तर लिहिते आहे, कारण मला तेव्हा असं काही मराठीत वाचायला हवं होतं.

सुरू करायला आम्ही चार महिने उशीर केला, याची मला अजून रुखरुख आहे. सासूबाई म्हणायच्या, ‘याचा बाबाही साडेतीन वर्षांनी बोलायला लागला, मुलगे उशिराच बोलतात.’ शेजारच्या काकूंनी वेखंड उगाळून जिभेला लावायला सांगितलं. कुणी म्हणालं जीभ जड असेल. सगळ्यांनी मायेनेच सांगितलं. पण घरात आधी कुणी उशिरा बोललेलं असेल, तर ते थांबायचं नाही, लवकर तपासून घ्यायचं कारण असतं, हे मला नंतर कळलं.

बालरोगतज्ज्ञांनी सगळ्यात आधी कानाची तपासणी करायला लावली. मला ते वेळकाढू वाटलं होतं, कारण दार वाजलं की हा धावत जायचा. पण सर्दीनंतर पडद्यामागे पाणी साचलं तर दाराचा आवाज ऐकू येतो आणि बोलण्यातले बारीक आवाज मात्र निसटतात. ओएई झाली, मग बेरा, दोन्ही ऐकू येतं का ते पाहणाऱ्या चाचण्या. बेरासाठी मूल गाढ झोपलेलं लागतं. कपाळावर आणि कानामागे छोट्या चकत्या चिकटवतात, दुखत काही नाही. दोन्ही कान उत्तम निघाले. तपासणीशिवाय थेरपी सुरू करू नका.

पहिला दीड महिना ज्या सेंटरमध्ये गेलो, तिथलं नाव घेत नाही. तीन महिन्यांचे पैसे आधी भरून घेतले, मुलाला आत नेऊन दार लावायचे आणि आम्ही बाहेर बाकावर. आतून रडणं ऐकू यायचं. तो खोलीचा दरवाजा दिसला की माझ्या कमरेला घट्ट धरायला लागला. काय शिकवलं विचारलं तर ‘कार्ड्स घेतली’ एवढंच उत्तर. उरलेले पैसे सोडून आम्ही तिथून निघालो.

दुसऱ्या मॅडमकडे पहिल्याच दिवशी फरक दिसला. त्या जमिनीवर बसल्या होत्या आणि मला म्हणाल्या, ‘तुम्ही पण आत या, मला तुम्हालाच जास्त शिकवायचंय.’ आठवड्यातून दोनदा, प्रत्येकी पंचेचाळीस मिनिटं. त्यांनी आधी तासभर प्रश्न विचारले. हवी ती वस्तू बोटाने दाखवतो का? नावाने हाक मारली की वळतो का? हातवारे न करता ‘चप्पल आण’ म्हटलं तर आणतो का? हे सगळं तो करायचा. समज वयाप्रमाणे आहे, बोलणं मागे आहे, असं त्यांनी सांगितलं तेव्हा कित्येक महिन्यांनी मी नीट श्वास घेतला.

मग त्यांनी घरी खेळतानाचा दहा मिनिटांचा व्हिडिओ मागवला. माझ्याशेजारी बसून तो थांबवत थांबवत दाखवला. ‘हे काय आहे? हा कोण? कुत्रा म्हण. म्हण ना. रंग कुठला?’ दहा मिनिटांत मी अडतीस प्रश्न विचारले होते आणि एकाही उत्तरासाठी दोन सेकंदांच्या वर थांबले नव्हते. मला रडूच आलं. मॅडम म्हणाल्या, ‘सगळ्या आया हेच करतात, काळजीपोटी करतात. आता आपण थांबायला शिकू.’

या सगळ्या थेरपीतली सगळ्यात अवघड गोष्ट हीच होती. चुरमुऱ्यांचा डबा सांगते. तो डबा आणून माझ्या मांडीवर ठेवायचा आणि माझा हात झाकणाकडे ओढायचा. मी उघडून द्यायचे, बोलायची गरजच पडायची नाही. आता मी डबा हातात धरून त्याच्याकडे बघत बसायचे आणि मनात दहापर्यंत आकडे मोजायचे. स्वयंपाकघरातून सासूबाई, ‘अगं, दे की त्याला, लेकराला ताटकळत कशाला ठेवतेस!’ दहापर्यंत काही आलं नाही तर मीच ‘उघड’ म्हणून उघडून द्यायचं, रडवायचं नाही, हे ठरलेलं. नवव्या दिवशी त्याने डब्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, ‘उघ.’ मी लगेच उघडला, ‘उघड! डबा उघडला!’ संध्याकाळपर्यंत दार, नळ, माझी पर्स, सगळ्याला ‘उघ’ झालं होतं. रात्री सासूबाईंनी स्वतःहून डबा हातात घेतला आणि त्याच्यासमोर गप्प बसून राहिल्या.

मॅडमनी क्रियापदांवर इतका भर का दिला, हे मला नंतर उमगलं. आम्ही सगळे त्याला नावं शिकवत होतो: गाय, बस, फूल. पण मराठीत ‘चल’, ‘बस’, ‘दे’, ‘उघड’ हा एकेक शब्दच पूर्ण वाक्य असतो आणि त्याच्या आधी कुठलंही नाव जोडता येतं. दोन महिन्यांत ‘बाबा चल’, ‘पाणी दे’ आलं. दुसरी सवय म्हणजे त्याच्या बोलण्यात एकच शब्द वाढवून परत द्यायचा. तो ‘भू’ म्हणाला की आपण ‘मोठा भू’ किंवा ‘भू पळाला’ म्हणायचं, पुन्हा म्हणायला लावायचं नाही.

साहित्याच्या बाबतीत मात्र तक्रार आहे. बाजारात मिळालेल्या कार्डांवर इग्लू, झायलोफोन, स्नोमॅन. आमच्या पोराने यातलं काय पाहिलंय? शेवटी आम्ही घरातल्याच वस्तूंचे चाळीस फोटो छापून आणले: लाटणं, पोळपाट, तांब्या, खराटा, आजीचा चष्मा, आमचीच स्कूटर. त्या गठ्ठ्यातून जेवढे शब्द आले, तेवढे विकतच्या कार्डांतून आले नाहीत.

एका नर्सरीत प्रवेशाच्या वेळी सांगितलं की घरी फक्त इंग्रजी बोला, दोन भाषांमुळे मूल गोंधळतं. मॅडमनी ते साफ खोडून काढलं. दोन भाषांमुळे बोलणं मागे पडत नाही. ज्या भाषेत तुम्ही त्याला कुशीत घेऊन बोलता, तीच भरपूर बोला, असं त्यांचं म्हणणं. आम्ही मराठीच ठेवली.

फोनचं सांगायलाच हवं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शनात दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला एक तासाच्या वर स्क्रीन नको, असं आहे. आमच्याकडे जेवताना गाणी लावायची सवय होती. ती बंद केली, पहिले चार दिवस जेवण अवघड गेलं, मग ताटातल्याच गप्पा सुरू झाल्या.

खर्च सोपा नाही. आमच्याकडे एका सेशनचे सहाशे रुपये, म्हणजे महिन्याला जवळपास पाच हजार. परवडत नसेल तर जिल्हा रुग्णालयात चौकशी करा. २०१३ पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात बोलण्यातला उशीरही येतो, त्याखाली जिल्हा पातळीवर लहान मुलांसाठी केंद्रं उभारली गेली आहेत आणि अंगणवाडीत येणाऱ्या पथकाकडूनही तिथे पाठवतात. मुंबईच्या जवळ असाल तर वांद्र्याची अली यावर जंग संस्था याच कामासाठी आहे. खासगीत जाणार असाल तर थेरपिस्टची आरसीआयची (भारतीय पुनर्वास परिषदेची) नोंदणी जरूर विचारा. चांगल्या थेरपिस्टना या प्रश्नाचा राग येत नाही.

पाचव्या महिन्यात तीन आठवडे एकही नवा शब्द आला नाही, तेव्हा मी खचले होते. मी त्याचे नवे शब्द लिहून ठेवायचे, त्या वहीतली मागची पानं मॅडमनी उलटून दाखवली. मग एका आठवड्यात अकरा शब्द आले. दोनशेच्या पुढे मी वही ठेवणं सोडून दिलं.

आता पंधरा दिवसांतून एकदा जातो. ‘क’ च्या जागी अजून ‘त’ येतो, ‘र’ आणि ‘ळ’ तर नाहीतच. या वयात ते चालतं, साडेतीननंतर बघू, असं मॅडम म्हणाल्यात. परवा दीर आले तेव्हा दारातूनच ओरडला, ‘ताता आले, दाल उघड!’ आम्ही काही सुधारलं नाही. मी ‘हो, काका आले’ म्हटलं आणि दार उघडलं.