हेडिंग्ली की ओडसल? सीझन तिकिटाआधी मैदानाचा सातबारा बघा

ब्रॅडफर्ड बुल्सला २०२६ च्या हंगामासाठी रग्बी लीगच्या (तेरा जणांच्या रग्बीच्या) सर्वांत वरच्या विभागात, म्हणजे सुपर लीगमध्ये, पुन्हा जागा मिळाली आणि वेस्ट यॉर्कशायरमधल्या आपल्या मंडळींना निवड करायला एक निमित्त मिळालं. सीझन तिकीट हेडिंग्लीवर खेळणाऱ्या लीड्स ऱ्हायनोजचं घ्यायचं की ओडसलच्या बुल्सचं? संघात कोण आहे, तिकिटाचे भाव काय, कोण किती वेळा जिंकलं, हे सगळं तुम्हाला ठाऊक असेलच किंवा दोन मिनिटांत सापडेल. मी बोलणार आहे ते मैदानाबद्दल. जागा कुणाची, त्या जागेची किंमत काय आणि तिकीट काढणाऱ्याला त्याचं काय सोयरसुतक, एवढंच.

हेडिंग्ली म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर क्रिकेट येतं. १९८६ ची वेंगसरकरची खेळी असो किंवा १९९२ मध्ये यॉर्कशायरने पहिला परदेशी खेळाडू म्हणून घेतलेला एकोणीस वर्षांचा सचिन असो, सगळं तिथलंच. पण त्याच आवाराच्या दुसऱ्या अर्ध्या भागात तेरा जणांची रग्बी चालते. मधला स्टँड दोघांचा आहे. एका बाजूला बसलात तर खाली क्रिकेटची खेळपट्टी, पाठमोऱ्या बाजूला बसलात तर रग्बीचे खांब. १८८८ मध्ये क्रिकेट, फुटबॉल आणि ॲथलेटिक्स अशी सगळ्यांची मिळून एक कंपनी काढून ही जमीन घेतली गेली. पुढे एकच मालक दोन्ही भाग सांभाळत होता. २००५ च्या अखेरीस यॉर्कशायरने क्रिकेटचा भाग १.२ कोटी पौंडांना विकत घेतला आणि रग्बीचा भाग रग्बीवाल्यांकडे राहिला.

ओडसलची जन्मकथाच वेगळी. शहराच्या दक्षिणेला एक खोलगट जागा होती, पालिका तिथे कचरा टाकायची. तिला भराव घालून, उतार बांधून १९३४ मध्ये मैदान सुरू झालं. १९५४ मध्ये चॅलेंज कप या रग्बी लीगच्या बाद स्पर्धेच्या अंतिम फेरीच्या फेरसामन्याला इथे १,०२,५६९ माणसं अधिकृतपणे मोजली गेली. मोजणीतून सुटलेले वेगळेच. आजही वरच्या कडेला उभं राहून खाली पाहिलं की हा आकडा खोटा वाटत नाही. अंगावर येतं ते सगळं. एवढी भव्यता हेडिंग्लीला नाही, हे मान्यच करायला हवं.

आता सातबाऱ्याकडे येऊ. ओडसलची मूळ जमीन पालिकेची. तिच्यावर क्लबकडे दीर्घ मुदतीचा भाडेपट्टा होता. जानेवारी २०१२ मध्ये पैशाची चणचण इतकी झाली की क्लबने तो पट्टा खेळाच्या नियामक संस्थेला, म्हणजे रग्बी फुटबॉल लीगला, १२.५ लाख पौंडांना विकला आणि त्याच जागी भाड्याने राहिला. म्हणजे तेव्हा पालिका मालक, लीग भाडेकरू आणि बुल्स पोटभाडेकरू. मुंबईत पागडीच्या चाळीत राहिलेल्यांना यातली गंमत लगेच कळेल. गच्ची गळायला लागली की प्रत्येक जण दुसऱ्याच्या दाराकडे बोट दाखवतो. पैसे एकदाच आले, भाडं मात्र दरवर्षी. त्याच वर्षीच्या वसंतात चाहत्यांनी क्लब वाचवण्यासाठी पाच लाख पौंडांपर्यंत मदतीची वचनं दिली, तरी उन्हाळ्यात क्लब दिवाळखोरीच्या प्रशासकांच्या ताब्यात गेलाच. जानेवारी २०१७ मध्ये जुनी कंपनी गुंडाळली गेली आणि नवा क्लब उणे १२ गुणांवरून दुसऱ्या विभागात उभा राहिला.

यावरून मालकी म्हणजे सुखच सुख असं कुणी समजू नये. भिंतीपलीकडचं यॉर्कशायर क्रिकेटच पाहा. मैदान स्वतःचं झालं, पण त्यासाठी काढलेलं कर्ज पुढची कितीतरी वर्षं मानगुटीवर बसून राहिलं. सुटका झाली ती २०२५ मध्ये. इंग्लंडच्या क्रिकेट मंडळाने ‘हंड्रेड’ या शंभर चेंडूंच्या स्पर्धेतल्या संघांची ५१ टक्के मालकी यजमान कौंटींना दिली आणि हेडिंग्लीचा संघ चेन्नईच्या सन समूहाने सुमारे १० कोटी पौंडांना पूर्णपणे विकत घेतला. कौंटीला त्यात जे मिळालं ते मुळात त्या मैदानावरची यजमान असल्यामुळे. जागेची खरी किंमत कधी कुठून उगवेल, सांगता येत नाही. आणि गंमत म्हणजे त्याच स्टँडच्या पाठीवर टेकलेल्या रग्बीला त्यातला छदामही नाही.

मैदानाचं नाव विकून पैसे करता येतात म्हणून मालकी हवी, असंही काही जण म्हणतात. मला ते फारसं पटत नाही. हेडिंग्ली कधी कार्नेगी झालं, कधी एमराल्ड, आता एएमटी. पण ओडसलही ग्रॅटन आणि प्रॉव्हिडंट होऊन गेलंच की. पाटी भाडेकरूलाही बदलता येते.

मग फरक कुठे पडला? माझ्यापुरता तो एकाच त्रासाने पडला. हंगाम संपला की ‘पुढच्या वर्षी सामने कुठे?’ हा प्रश्न. दोन्ही क्लब कधी ना कधी घराबाहेर राहिलेत, त्यामुळे तुलना अगदी समोरासमोर करता येते. २०१८ च्या सुरुवातीला हेडिंग्लीचे दोन स्टँड पाडून नवे बांधायचे होते, म्हणून लीड्सने पहिले काही घरचे सामने एलंड रोडला, फुटबॉलच्या मैदानावर खेळले. कुरकुर झाली. पण परत आलं तेव्हा काम डोळ्यांसमोर चालू होतं आणि २०१९ मध्ये दोन्ही स्टँड उभे राहिले. पालिकेच्या मध्यस्थीने पैसा उभारला, चार कोटी पौंडांच्या वर खर्च झाला, पण ठरवणारे कोण आणि कामं कधी संपणार, हे दिसत होतं.

ब्रॅडफर्ड २००१ आणि २००२ असे दोन हंगाम व्हॅली परेडला, शहरातल्या फुटबॉलच्या मैदानावर, जाऊन राहिलं, कारण ओडसल नव्याने बांधायचं होतं. बांधलं नाही. २००३ मध्ये संघ त्याच जुन्या खोलग्यात परतला. २०१९ चा हंगाम संपला तेव्हा मैदान चालवण्याचा खर्च परवडत नाही म्हणून क्लब शेजारच्या ड्यूसबरी गावाला गेला, २०२१ मध्ये पुन्हा परत. आता हेही सांगायला हवं की २००१ मध्ये बुल्सने व्हॅली परेडला बिऱ्हाड टाकूनच सुपर लीग जिंकली आणि २००३ मध्ये परत येऊन लीग आणि कप दोन्ही उचलले. संघ तगडा असेल तर पत्त्याने काही बिघडत नाही. बिघडतं ते प्रेक्षकाचं. कुठली बस, कुठला स्टँड, शेजारी कोण उभं राहणार, हे दर डिसेंबरात नव्याने विचारायचं असेल तर सीझन तिकिटाला अर्थ काय राहिला?

आता तर सुपर लीगमध्ये कोण खेळणार यासाठी क्लबांच्या श्रेणी ठरवतानाही हे मोजतात. एकूण २० गुणांपैकी ३ मैदानाचे, आणि मैदानावर तुमचा हक्क किती पक्का आहे हे त्यात धरलं जातं. म्हणजे माझी कुरकुर अगदीच वेडगळ नसावी.

बाकी किरकोळ. ओडसलला २०२१ मध्ये स्टॉक कारच्या शर्यती परत आल्या. त्यांच्या ट्रॅकचं कडं मैदान आणि प्रेक्षक यांच्या मध्ये येतं, त्यामुळे टॅकलचा आवाज पोचायच्या आत वाऱ्यावर विरतो. बराचसा उतार उघडा आहे, पाऊस आडवा येतो, छत्रीचा उपयोग शून्य. हेडिंग्लीच्या साउथ स्टँडमध्ये खाली पुढे उभे राहिलात तर बरगडीवर आदळलेल्या खांद्याचा आवाज ऐकू येतो, आणि रेफरी काय म्हणाला तेही बऱ्याचदा कळतं. बर्ली पार्क स्टेशनवरून चालत जाता येतं. ओडसलला जवळचं म्हणजे लो मूर, तिथून पुढे बऱ्यापैकी तंगडतोड.

तुम्ही ब्रॅडफर्डच्या दक्षिणेला राहत असाल, घरात पहिल्यापासून बुल्सचे स्कार्फ असतील, तर माझं ऐकू नका. मी लीड्सच्या बाजूला राहतो, एवढा कल धरून चाला. पण नव्याने सुरुवात करणार असाल तर सीझन तिकीट हेडिंग्लीचं घ्या, तेही साउथ स्टँडचं, उभं राहायचं. ओडसलला लीड्स पाहुणा म्हणून जाईल त्या दिवसाचं सुटं तिकीट काढा, वरच्या कडेला जागा पकडा आणि कानटोपी विसरू नका. जूनमध्येसुद्धा.