बालीचं विणकाम टिकवायचं तर गेरिंगसिंगची वाट की एंडेकची?

गेरिंगसिंग म्हणजे आपल्या शेजारच्या गुजरातेतल्या पाटणच्या पटोळ्याचा लांबचा भाऊच, ताणा आणि बाणा (उभे आणि आडवे धागे) दोन्ही विणायच्या आधीच बांधून रंगवायचे, आणि इंडोनेशियात हे होतं फक्त पूर्व बालीतल्या तेंगानान गावात. लाल रंग नोनीच्या मुळांच्या सालीतून, निळीचं काम परंपरेने शेजारच्या बुगबुग गावाकडे, आणि सगळं पूर्ण व्हायला कधीकधी वर्षं लागतात. हे कापड गावाच्या विधींना लागतंच, म्हणून पर्यटक आले न आले तरी माग थांबत नाही. पण उत्पादन तुटपुंजं, आणि एवढ्यावर घर चालणं अवघडच.

एंडेक या बालीच्याच दुसऱ्या कापडाचं उलटं. फक्त बाणा रंगवायचा, हातमागावर भराभर विणायचं, खपही भरपूर. २०२१ मध्ये बालीचे गव्हर्नर वायान कोस्टर यांनी परिपत्रकच काढलं की दर मंगळवारी एंडेक घाला, त्याच वर्षीच्या उन्हाळी कलेक्शनमध्ये डिऑर या फ्रेंच फॅशन ब्रँडनेही ते वापरलं, मग काय, मागणी वाढली. पण मागणी वाढली की नक्कलही येते, जावा बेटावरच्या त्रोसो गावचं कापड 'बाली एंडेक' म्हणून खपवतात, स्वस्त प्रिंटही आहेतच, म्हणजे सरकारी मंगळवारचा पैसा बालीच्या विणकर बाईला मिळेलच असं नाही.

रोजगार हवा तर एंडेक, नो डाउट. पण कापड कोणी, कधी, कशासाठी विणायचं हे गावानेच ठरवावं असं वाटत असेल तर मी तेंगानानच्या बाजूने, फक्त तिथे नैसर्गिक रंगाला नीट भाव द्यायची तयारी ठेवा राव, घासाघीस नको.