अंबाझरी पुन्हा भरला तर: हॅम रेडिओ घ्यावा की मोबाईलच पुरे?

२३ सप्टेंबर २०२३ ची पहाट. नागपूरचा अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी रस्त्यावर आली, लाईन गेली. मी गच्चीवरून भावाला फोन लावत होतो. सहा-सात वेळा नुसतं टुक-टुक. शेवटी ‘सगळे गच्चीवर, ठीक’ एवढा साधा एसएमएस टाकला. तो गेला! तेव्हापासून ओळखीतला प्रत्येक जण विचारतो, भाऊ, एक हॅम सेट घेऊन ठेवू का? हॅम म्हणजे परवाना काढून हौसेनं चालवायचा बिनतारी संच.

मोबाईल स्वतः क्वचितच दगा देतो, टॉवर देतो. वीज गेली की तो बॅटरीवर, मग डिझेलवर. दोन्ही संपलं की मुका. त्यात अख्खी वस्ती एकाच वेळी फोन लावते. एसएमएसला जागा अगदी थोडी लागते, म्हणून गर्दीतूनही तो निसटून जातो. ११२ या आणीबाणीच्या नंबरचं वैशिष्ट्य असं की तुमच्या कंपनीची रेंज नसली तरी दुसऱ्या कंपनीच्या टॉवरवरून कॉल जाऊ शकतो. पोलीस, अग्निशमन, रुग्णवाहिका तिथे एकत्र मिळतात. हॅमवर थेट मिळत नाहीत.

हॅमला टॉवर लागत नाही. पण हातातला पाच वॅटचा सेट १४४–१४६ मेगाहर्ट्झवर जवळपास सरळ रेषेतच पोचतो. सीताबर्डीच्या दाटीत रस्त्यावरून दोन-तीन किलोमीटर मिळाले तरी खूप, गच्चीवरून बरेच जास्त. उंचावरचा रिपीटर, म्हणजे ऐकलेलं पुढे पाठवणारा संच, पल्ला वाढवतो, पण त्यालाही वीज लागतेच. खरा जोर एचएफचा, म्हणजे लांब जाणाऱ्या लघुलहरींचा. सात मेगाहर्ट्झ, अँटेना म्हणून वीसेक मीटर तार, कारची बारा व्होल्टची बॅटरी: आयनमंडल (या लहरी खाली परतवणारा वातावरणाचा वरचा थर) साथ देत असेल तर दिवसा नागपुरातून हैदराबाद, मुंबई ऐकू येतात. २००१ च्या भूज भूकंपात आणि २००४ च्या त्सुनामीत अंदमानात हॅम मंडळी निरोप पोचवत होती, ती अशाच सेटवरून.

मग अडचण कुठे? परवान्यात. दूरसंचार विभागाची परीक्षा द्यावी लागते, वय किमान बारा. परवाना हातात यायला वेळ लागतो. आणि बायकोशी बोलायचं तर तिलाही परवाना हवा. वर तुमचं बोलणं सगळे ऐकणार; सांकेतिक भाषा चालत नाही.

म्हणून फक्त घरच्यांची खुशाली कळावी एवढंच हवं असेल, तर हॅमच्या भानगडीत पडू नका. पॉवर बँक, सेलवरचा ट्रान्झिस्टर आणि कागदावर लिहिलेले पाच नंबर, बस. पण संध्याकाळी अर्धा तास सेटवर बसून अनोळखी माणसांशी बोलायची हौस असेल, वस्तीचे निरोप पोचवायची तयारी असेल, तर जरूर घ्या. कपाटात ठेवलेला सेट पुराच्या रात्री बॅटरी उतरलेलाच सापडतो, आणि सराव नसेल तर हातही चुकतो. पहिल्या दिवशी माझं बोलायचं बटण दाबलेलंच राहिलं होतं. समोरचा बिचारा आमच्या कुकरच्या चार शिट्ट्या मोजत बसला.