दोघांत एक पॉवरबँक: नर्मदा परिक्रमेच्या सामानाचा साडेपाच महिन्यांनंतरचा अनुभव

परिक्रमा पुरी होऊन तीन महिने झाले. सॅक धुऊन माळ्यावर गेल्या, पायाची दोन काळी पडलेली नखं गळून नवी आली, तेव्हा आता लिहायला बसते. कार्तिकी एकादशीनंतर ओंकारेश्वरहून निघालो आणि वैशाख लागताना तिथेच पोचलो. बरोबर ग्रुप नव्हता, मागे सामानाची गाडी नव्हती. सगळं नियोजन नवऱ्याच्या एक्सेल शीटमध्ये.

शीटमधली पहिली चूक दिवसांची. नर्मदेची लांबी १३१२ किलोमीटर, दोन्ही तट धरून २६२४, रोज २० म्हणजे १३२ दिवस. गणित बरोबर, पण नदीला ते माहीत नाही. सरदार सरोवर, इंदिरा सागर आणि बर्गी या धरणांच्या फुगवट्याला लांबून वळसा पडतो, नदीच्या मुखाशी समुद्रातून पलीकडच्या तटावर नेणारी नाव भरतीच्या वेळेवर सुटते, आणि एखाद्या आश्रमात पाय निघता निघत नाही. आम्हाला साडेपाच महिने लागले. ही चूक सोसली. दुसरी महाग पडली.

शीटने आम्हा दोघांना एकच माणूस धरलं होतं. कायम बरोबरच असणार, मग प्रत्येक वस्तू दोन-दोन कशाला? एक पॉवरबँक, एक टॉर्च, एक औषधांची पिशवी, एकाच फोनवर बँकेचं सिम. जड ते त्याच्याकडे, हलकं पण फुगीर ते माझ्याकडे. म्हणजे पैसे, औषधं, चार्जिंग त्याच्या सॅकमध्ये आणि दोन्ही स्लीपिंग बॅग माझ्या. त्याची सॅक ११ किलो, माझी ८. दुकानातून आणलेला वजनकाटा बघून दोघंही खूश होतो.

पहिल्याच आठवड्यात लक्षात आलं की परिक्रमेत नवरा-बायको ही जोडी फार वेळ जोडीने नसते. बऱ्याच आश्रमांत मातारामांची, म्हणजे परिक्रमेतल्या बायकांची, झोपायची सोय वेगळी. रात्री दोनला उठायचं, तर टॉर्च पलीकडच्या ओट्यावर घोरत पडलेला. माझ्या गुडघ्याची गोळीही तिकडेच. घाटावर आंघोळीच्या जागा वेगळ्या, त्यामुळे साबणाची वडी सुरीने अर्धी केली तेव्हा तो प्रश्न सुटला. बाकीच्यांना सुरी लावता येत नव्हती.

आणि मग उत्तर तटावरच्या नेमावर गावाच्या पुढची रात्र. नर्मदा जयंती चार-पाच दिवसांवर, थंडी कडाक्याची. एका फाट्यावर मी किनाऱ्याची पायवाट धरली, तो सडकेने गेला. दोघांनाही वाटलं, दुसरा मागून येतोय. माझा फोन संध्याकाळीच बंद पडला. एका शेतकऱ्याच्या घरी ‘नर्मदे हर’ म्हणून उभी राहिले, त्यांनी जेवू घातलं, पडवी दिली. मी एक स्लीपिंग बॅग अंथरली आणि एक पांघरली. नवऱ्याने ती रात्र सात-आठ किलोमीटर पुढे एका देवळात, पोत्यावर, ताडपत्री अंगावर घेऊन काढली. उशाला भरलेला पॉवरबँक. दुसऱ्या दिवशी अकराला भेटलो. ख्यालीखुशालीच्या आधी मी विचारलं, “अहो, चार्जर?” आणि तो म्हणाला, “आधी ती बॅग दे.”

त्या दिवशी तिथेच सॅक रिकाम्या केल्या आणि वाटणी नव्याने केली. कसोटी एकच: दोघांपैकी कुणालाही एक रात्र एकट्याने काढता आली पाहिजे. आपापलं अंथरूण, टॉर्च, चार दिवसांची औषधं, थोडी रोकड, एकमेकांचा नंबर कागदावर लिहिलेला. वाटेतल्या मोठ्या गावात दुसरा टॉर्च आणि लहानसा पॉवरबँक घेतला. खरोखर सामाईक काय राहिलं? ताडपत्री, सुई-दोरा, नेलकटर. दोघांचं मिळून वजन एक किलोनेसुद्धा वाढलं नाही. गंमत अशी की मैयाच्या जलाच्या कुप्या पहिल्या दिवसापासून दोघांकडे दोन होत्या. तिथे काटकसर सुचलीच नव्हती.

आता वस्तूंबद्दल. मोठा पॉवरबँक २०००० एमएएचचा. माझा फोन ५००० चा, म्हणून तो चारदा भरेल असं शीट म्हणत होतं. प्रत्यक्षात तीनदाही जेमतेम. तो आकडा आतल्या सेलच्या ३.७ व्होल्टला असतो, फोनकडे जाताना व्होल्टेज वाढवण्यात आणि उष्णतेत बराच भाग जातो. वस्तू चांगली आहे, अपेक्षा दोन तृतीयांश ठेवा.

बुटांबाबत मात्र हट्टाने सांगेन: एक नंबर मोठेच घ्या. रोज चालून पाय सुजतात, पसरतात. मी नेहमीच्या मापाचे घेतले, नखं गेली ती त्यामुळेच. भरूचच्या पुढे मी सरळ पट्ट्यांच्या सँडल आणि जाड मोज्यांवर आले ते शेवटपर्यंत. नवऱ्याचे बूट तळ झिजेपर्यंत टिकले. पाण्याचा फिल्टर आणि घडीचा स्टोव्ह बडवानीहून पोस्टाने घरी पाठवले. एकूण साडेतीन किलो गेलं. शूलपाणीच्या झाडीतल्या, म्हणजे डोंगराळ जंगलातल्या, चढणीआधी हे केलं नसतं तर तिथे करावं लागलं असतं. पूर्वी त्या झाडीत परिक्रमावासीयांना लुटत, हे सगळेच सांगतात. आम्हाला तिथल्या घरांनी हाका मारून मारून जेवायला बसवलं.

फोनवरचा नकाशा उपयोगी, पण सावध राहा. त्याला जवळचा रस्ता कळतो, संकल्प कळत नाही. नर्मदा कायम उजव्या हाताला ठेवायची आणि ओलांडायची नाही. नकाशा मात्र खुशाल पुलावरून पलीकडे नेतो. आम्ही एकदम मोठा टप्पा टाकणंच सोडलं. आपल्याच तटावरची लहान-लहान गावं एकामागून एक घालायची, तरच तो ताळ्यावर राहतो.

वेगाचंही शीटमध्ये कुठे नव्हतं. नवरा ताशी पाच किलोमीटर, मी चार. वीस किलोमीटरला सरळ एक तासाचा फरक. हळू चालणाऱ्याने पुढे राहावं म्हणतात, ते आम्ही आठवडाभर पाळलं आणि दोघंही वैतागलो. त्याची काठी सारखी माझ्या टाचेशी. नंतर सकाळीच थांबायची जागा ठरवू लागलो. नुसतं “पुढच्या गावात” नाही, तर “पुढच्या गावातल्या मारुतीच्या पारावर”. तो पोचून झोप काढायचा, मी माझ्या चालीने यायची. नेमावरनंतर चुकामूक झाली नाही.

तक्रार एकच. माझ्या सॅकचा कमरेच्या पट्ट्याचा क्लिप दुसऱ्याच महिन्यात तुटला. कंपनीला दोनदा मेल केला, उत्तर नाही. बाजारात चपला शिवणाऱ्या काकांनी तिथे सुती नाडी आणि पितळी कडी शिवून दिली, पैसे घेतले नाहीत. धुतल्यावरही ती तशीच घट्ट आहे.